पिवळ्या पायांची साक्ष

पूर्णेच्या काठावरच्या म्हशीला आता सरकारदरबारी पूर्णाथडी हे नाव मिळाले आहे. अकोला-अमरावतीकडच्या शेळीचीही बेरारी म्हणून स्वतंत्र जात मानली जाते. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत या दोघी आहेत. त्यांच्याच गोठ्याच्या कडेला उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीला मात्र असे नाव नाही. वऱ्हाडात तिला नुसते गावरान म्हणतात. कुणी तांबडी, कुणी काळी, कुणी ठिपक्यांची. एकीचे पाय पिवळे, दुसरीचे राखी. एका खुराड्यातल्या दोन बहिणीसुद्धा एकमेकींसारख्या दिसत नाहीत, आणि जात ठरवायची तर निदान दिसण्यात सारखेपणा हवा. म्हणूनच गावरान म्हणजे निव्वळ भेसळ, जिची सुधारणा व्हायला हवी अशी कोंबडी, असा समज गावात आणि दप्तरात दोन्हीकडे रुजला. गेल्या तीस वर्षांत कोंबडीच्या जनुकांविषयी जे कळले आहे ते या समजाच्या विरोधात जाते. कोंबडीचा इतिहास आणि तिची बहुतेक विविधता नाव मिळालेल्या जातींपेक्षा अशा बिननावाच्या कळपांत जास्त टिकून आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याच्या पुराव्याचा शोध मेळघाटाच्या जंगलापासून वऱ्हाडच्या अंगणापर्यंत घेता येतो.

सुरुवात जुन्या प्रश्नापासून करू. पाळीव कोंबडी कोणत्या रानपक्ष्यापासून आली? रानकोंबड्यांच्या चार जाती आहेत: तांबडा, राखी, श्रीलंकेतला आणि जावा बेटाकडचा हिरवा. डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात तांबड्याच्या बाजूने कौल दिला. त्याचे कारण सरळ होते. तांबडा आणि पाळीव यांची संतती बिनदिक्कत वाढते, इतर जातींशी संकर केला की प्रजननात अडचणी येतात. १९९४ आणि १९९६ मध्ये जपानचे राजपुत्र फुमिहितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचाही निष्कर्ष तांबडाच, आणि तोही थायलंडच्या आसपासचा. पुढे हैदराबादच्या संशोधकांनी २००८ मध्ये भारतातल्या तांबड्या रानकोंबड्यांचे नमुने तपासले आणि भारतीय उपजातीचाही वाटा असल्याचे दाखवले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावर उभा केलेला इतिहास हा आयांचा इतिहास असतो; बाप कुठून आला हे त्यात उमटतच नाही.

२०२० मध्ये ८६३ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार पाळीव कोंबडीचा मुख्य प्रवाह तांबड्याच्या ज्या उपजातीतून निघाला ती नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यात राहते, आणि हे वेगळे होणे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे, त्यात तीनेक हजार वर्षे इकडेतिकडे. दोनच वर्षांनी हाडांचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी निराळाच आकडा मांडला. निर्विवादपणे पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडच्या बान नॉन वट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली, आणि ती भात व भरडधान्याच्या शेतीबरोबर आलेली. सिंधू संस्कृतीतल्या कोंबडीचे दावेही त्यांनी ग्राह्य धरले नाहीत. वरवर पाहता दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडतात, पण ते दोन वेगळ्या घटना मोजत आहेत. जनुकांतला काळ दोन वंश एकमेकांपासून दुरावल्याचा आहे. ते दुरावणे जंगलातच, माणसाचा हात लागण्याआधीही झालेले असू शकते. हाडे सांगतात ती वेळ पक्षी माणसाच्या धान्याजवळ येऊन राहिल्याची. आपल्या मुद्द्यासाठी २०२० च्या अभ्यासातली दुसरी बाब अधिक मोलाची आहे: कोंबडी माणसाबरोबर जिथे जिथे गेली तिथल्या स्थानिक रानकोंबड्यांशी तिचा संकर होत राहिला. म्हणजे उगम एका पट्ट्यात झाला, पण घडण पुढे वाटेवर चालूच राहिली.

आता मेळघाट. सातपुड्याच्या गाविलगड रांगांमधल्या सागवानी जंगलात जो रानकोंबडा आरवतो तो राखी आहे. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना मेणासारखे चमकदार पिवळट ठिपके असतात. मासेमारीच्या गळावर लावायच्या नकली माश्यांसाठी परदेशात या पिसांना एवढी मागणी होती की त्यापायी हा पक्षी खूप मारला गेला. हा पक्षी फक्त भारतात आढळतो: दक्षिणेपासून सह्याद्रीमार्गे मध्य प्रदेश, गुजरात आणि अबूच्या डोंगरापर्यंत. तांबडा हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्येला आणि मध्य-पूर्व भारताच्या सालवनांत. दोघांत ठळक फरक पायांचा. तांबड्याचे पाय राखी-निळसर, तर राख्याचे पिवळट-तांबूस. आणि जगभरातल्या असंख्य पाळीव कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत. तांबड्याच्या वंशात हा पिवळेपणा आला कुठून?

स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी २००८ मध्ये याचे उत्तर दिले. कोंबडीच्या २४ व्या गुणसूत्रावर बीसीडीओ२ नावाचे जनुक आहे. ते एक विकर बनवते. मका, हिरवा पाला यांतून अंगात येणाऱ्या पिवळ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे हे विकर तुकडे करते. त्वचेत ते नीट काम करत असेल तर रंगद्रव्य साठत नाही, आणि कातडी पांढरी व पाय राखी राहतात. पिवळ्या पायांच्या कोंबडीत हेच जनुक त्वचेपुरते मंद झालेले असते, बाकी शरीरात त्याचे काम चालू राहते. हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून ती प्रत आली तरच पाय पिवळे होतात. इथवर ही एका रंगाची गोष्ट झाली. पण या मंद प्रतीच्या आजूबाजूचा डीएनए तपासल्यावर तो तांबड्या रानकोंबड्याशी जुळेना. तो जुळला राख्याशी. डार्विनने ज्याला बाजूला सारले होते त्याच पक्ष्याचा एक तुकडा कोंबडीत होता, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या अभ्यासांत तो दिसला नव्हता.

तो का दिसला नाही, याचा संबंध पक्ष्यांच्या लिंगगुणसूत्रांशी आहे. माणसात पुरुषाची दोन लिंगगुणसूत्रे वेगवेगळी असतात, पक्ष्यांत मादीची: नराची झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये एक नियम मांडला: दोन जातींच्या संकरात एकच लिंग वांझ किंवा दुबळे निघाले, तर ते वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते. म्हणजे राखी कोंबडा आणि पाळीव कोंबडी यांच्या संततीत अडचण मुख्यतः माद्यांना येणार, नर पुढे वंश चालवू शकणार. ते नर पुन्हा गावातल्या कोंबड्यांशी जुगले की पिढीगणिक राख्याचा वाटा अर्ध्यावर येत जातो आणि शेवटी तुरळक तुकडे उरतात. या सगळ्या वाटेवर आई नेहमी पाळीवच असल्याने मायटोकॉन्ड्रिया तांबड्याकडचाच राहतो. डार्विनचे निरीक्षण बरोबर होते, संकरात अडचण येतेच. पण अडचण म्हणजे अशक्यता नव्हे, आणि हजारो वर्षांत हजारो गावांच्या वेशीवर असा एखादा संकर यशस्वी झाला तरी पुरतो.

याला एक रास्त आक्षेप आहे. एका जनुकावरून एवढा डोलारा उभा करायचा का? राखी पक्षी पकडून कुणी दुसऱ्या देशी नेलाच नसेल कशावरून? पहिल्या भागाचे उत्तर नंतरच्या अभ्यासांत आहे. संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर राख्याचे इतरही तुकडे पाळीव कोंबड्यांत सापडले, आणि राख्यात पाळीव कोंबडीचेही सापडले. देवाणघेवाण दुहेरी आहे. दुसऱ्या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही. पण राखी जिथे राहतो त्याच मुलखात पाळीव कोंबड्याही शतकानुशतके जंगलाच्या कडेला मोकळ्या फिरत आल्या आहेत. अशा वेळी पक्षी दूर नेला गेला असे मानण्यापेक्षा संकर भारतीय द्वीपकल्पात झाला असे मानणे सरळ आहे. तो मेळघाटातच झाला असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आज पुरावा नाही.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. २०१० मध्ये टीएसएचआर या जनुकाचे एक रूप जवळपास सर्वच पाळीव कोंबड्यांत आढळले. हे जनुक दिवसाची लांबी आणि विणीचा हंगाम यांच्या नात्याशी जोडलेले. जे सगळ्यांत आहे ते सुरुवातीपासूनच असणार, म्हणजे हेच कोंबडी पाळीव होण्याचे जनुक, असे वाटणे स्वाभाविक होते. चार वर्षांनी युरोपातल्या उत्खननांतल्या जुन्या हाडांमधून डीएनए काढला गेला, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोंबड्यांत ते रूप सर्रास नव्हते. त्याची जोरदार निवड जेमतेम हजार-अकराशे वर्षांपूर्वी सुरू झाली असे पुढच्या विश्लेषणात निघाले. पिवळ्या त्वचेचेही तसेच: युरोपात ती गेल्या पाचशे वर्षांतच पसरली. आज सर्वत्र दिसते म्हणून एखादी गोष्ट आदिम ठरत नाही, हा धडा या क्षेत्राने अनुभवातून घेतला आहे. जात शुद्ध आणि प्राचीन आहे असे सांगणाऱ्या प्रत्येक दाव्याला तो लागू पडतो.

कारण जातींची ओळख ज्या गुणांवर उभी आहे ते बहुधा एकेका ठळक बदलाचे असतात. कडकनाथचेच पाहा. झाबुआ आणि अलीराजपूरकडच्या भिल्ल-भिलालांनी सांभाळलेल्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा काळेपणा कातडीपासून हाडांच्या आवरणापर्यंत पोहोचतो. तो येतो २० व्या गुणसूत्रावरच्या एका मोठ्या उलथापालथीतून, ज्यात ईडीएन३ हे जनुक दुप्पट झाले आहे. चीनच्या रेशमी पिसांच्या कोंबडीत आणि इंडोनेशियाच्या काळ्या कोंबडीतही हीच उलथापालथ आहे. म्हणजे हा काळेपणा एकदाच उद्भवला आणि माणसांबरोबर देशोदेशी गेला. असील या देशी जातीच्या कोंबड्याचा वाटाण्याच्या दाण्यांसारखा बसका तुरा एसओएक्स५ जनुकातल्या बदलाचा. अशाच तुऱ्यांवर काम करून जीवशास्त्रज्ञ बेटसन यांनी १९०२ मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले. उघड्या मानेची कोंबडी तिसऱ्या गुणसूत्रावर घुसलेल्या एका तुकड्यामुळे होते. उलट्या पिसांची कोंबडी, जिला अंधश्रद्धेपायी मांत्रिकांच्या मागणीत जीव गमवावा लागला, ती केराटिनच्या जनुकातल्या बिघाडामुळे. हे गुण डोळ्यांत भरतात, म्हणून त्यांना नावे मिळतात. रोगाला तोंड देणे, घार दिसताच आडोसा गाठणे, मे महिन्यात दाणा कमी झाला तरी तग धरणे, हे गुण अनेक जनुकांत विखुरलेले असतात आणि त्यांच्यावरून कोणी जातीला नाव देत नाही.

व्यापारी कोंबड्यांत काय झाले ते आकड्यांत सांगता येते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतल्या मांसल कोंबड्यांच्या वाणांना एकच खाद्य देऊन शेजारी वाढवले. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. हे निवडीचे असामान्य यश आहे. स्वस्त प्रथिने त्यातूनच मिळाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २००८ मध्ये जगभरातल्या व्यापारी वाणांची तुलना जुन्या जातींशी केल्यावर दिसले की मूळच्या जनुकीय विविधतेपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक या वाणांत उरलेलीच नाही. विशेषतः दुर्मीळ रूपे गेली. आणि या वाणांचा एक पूर्वज आपल्याकडचाच होता: ब्रॉयलरच्या बापाकडची कॉर्निश जात इंग्लंडात भारतातून नेलेल्या असीलच्या रक्तावर घडली. ब्रॉयलरचे पिवळे पाय आणि त्याची रुंद छाती या दोन्हींचे धागे या भूमीत पोहोचतात. उद्या त्या वाणांना नव्या रोगासाठी किंवा वाढत्या उन्हासाठी जनुके हवी झाली, तर ती कुठे शोधणार?

यावर पशुपालकाचा आक्षेप साधा आणि खरा आहे: विविधतेने पोट भरत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, लेगहॉर्न ही अंड्यांची व्यापारी जात तीनशेच्या वर. पण हा हिशेब खाद्य, लस, वीज आणि बंदिस्त शेड गृहीत धरून केलेला आहे. अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोंबडीला घाम येत नाही; ती धापा टाकून, पंख पसरून अंग निववते. भरभर वाढणाऱ्या पक्ष्यांची आतली उष्णताच जास्त असते, म्हणून उन्हाळ्यात ब्रॉयलरच्या शेडवर मर लागते. उघड्या मानेच्या जनुकाची एक प्रत असली तरी पिसे वीस-तीस टक्क्यांनी कमी होतात आणि उष्णता बाहेर पडते. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणावर हितकारी आणि उलट्या पिसांवर उपकारी हे वाण तयार केले. त्यासाठीची जनुके गावच्या कोंबड्यांनीच पुरवली. खुडूक बसण्याचेही तसेच. अंड्यांच्या हिशेबात खुडूक हा दोष ठरतो, म्हणून लेगहॉर्नमधून तो निवडीने काढून टाकला गेला. पण जिच्याकडे उबवण यंत्र नाही त्या बाईसाठी खुडूक कोंबडी हीच पुढची पिढी आहे. खुडूक न बसणारी सुधारित कोंबडी दिली की पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. गावरान आता शुद्ध राहिली आहेच कुठे? ऱ्होड आयलंड रेड, गिरिराज, वनराज या सुधारित वाणांची पिल्ले गावोगाव वाटली गेली, मिसळण झाली. आता जपायचे काय? आणि चिंता तरी कशाची? २०१९ च्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्या ३१ कोटी ७० लाखांवर गेल्या, सात वर्षांत सुमारे ४६ टक्क्यांची वाढ. पण संख्या म्हणजे विविधता नव्हे, आणि इथे कोंबड्यांपेक्षा कोंबडे मोजावे लागतात. आनुवंशिकीत प्रभावी संख्या काढताना नर-मादींचा गुणाकार चौपट करून त्यांच्या बेरजेने भागतात. एका वस्तीत ४० कोंबड्या आणि दोनच कोंबडे असतील तर उत्तर येते जेमतेम साडेसात. म्हणजे ४२ पक्षी दिसत असले तरी जनुकांची गळती सात-आठ पक्ष्यांच्या कळपाइतक्या वेगाने होते. त्यात बाहेरचा सुधारित कोंबडा आला आणि गावचा कोंबडा जत्रेत कापला गेला, तर स्थानिक वाटा पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत पाव, तिसरीत एक अष्टमांश. कोंबडीची पिढी वर्षाची धरली तर तीन वर्षे पुरतात. मिसळण ही नेहमीचीच आहे, राख्याचे जनुक त्याच वाटेने आले, हे मीच वर मांडले. फरक वेगाचा आणि स्रोताचा आहे. रानकोंबड्याशी झालेला संकर कळपात नवीन रूपे घालत होता. एकाच केंद्रातून आलेले सारखे कोंबडे हजार गावांतली वेगवेगळी रूपे पुसून तिथे एकच बसवतात.

गेलेले जनुक परत आणणे कोंबडीत विशेष अवघड आहे. गाई-म्हशींप्रमाणे वीर्य गोठवून ठेवता येते, पण कोंबडीचे अंडे बलकामुळे इतके मोठे असते की ते गोठवून पुन्हा जिवंत करता येत नाही. वीर्य येते नराकडून, आणि नराकडे डब्ल्यू गुणसूत्र नाही, त्याचा मायटोकॉन्ड्रियाही पुढे जात नाही. म्हणजे गोठवलेल्या कुपीत मादीकडचे हे दोन्ही वारसे नसतातच. भ्रूणातल्या आदिम जननपेशी साठवण्याचे तंत्र स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी विकसित झाले आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर ते नेण्यासारखे नाही. जिवंत कळपही एका झटक्यात जाऊ शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. रोग थोपवण्यासाठी ते गरजेचेच होते. पण नवापूर हा बुसरा या थोड्या संख्येच्या देशी जातीच्या मूळ टापूतला भाग आहे. तिचे निदान नाव नोंदलेले आहे, म्हणून काय गमावले हे विचारता तरी येते.

वऱ्हाडात हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे, आणि तपासाची संस्था दूर नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर संस्था अकोल्यातच आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू वस्त्यांवरच्या कोंबड्या जंगलाच्या कडेला चरतात. दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात जंगलच नाही. दोन्हीकडून नमुने घेऊन राख्याच्या तुकड्यांची लांबी मोजायची. प्रत्येक पिढीत गुणसूत्रांची अदलाबदल होऊन परका तुकडा तुटत जातो, त्यामुळे जुना संकर आखूड तुकडे ठेवतो आणि ताजा संकर लांब. मेळघाटच्या कोंबड्यांत लांब तुकडे अधिक निघाले तर रानाशी देवाणघेवाण अलीकडेपर्यंत चालू होती असे ठरेल, आणि त्या कळपांना वेगळे जपण्याचे कारण मिळेल. दोन्हीकडे सारखेच आखूड निघाले तर पिवळे पाय बाहेरून तयार होऊनच वऱ्हाडात आले असे मानावे लागेल. मग माझ्या मांडणीतला मेळघाटाशी जोडलेला धागा सोडावा लागेल, गावरान कळपांतल्या विविधतेचा मुद्दा मात्र त्याने ढळणार नाही. राखी रानकोंबड्यात पाळीव जनुके किती शिरली आहेत हा याचाच दुसरा भाग. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे, त्याच्यासाठी वनखात्याची परवानगी लागेल आणि गळून पडलेल्या पिसांवरही काम भागेल. आधी मात्र वस्त्यांवरच्या कोंबड्या घ्यायला हव्यात, तेही सुधारित पिल्लांचे पुढचे वाटप होण्याआधी. त्यानंतर घेतलेल्या नमुन्यांत लांब तुकडा नाही सापडला, तर तो कधी नव्हताच की नुकताच गेला, हे ओळखता येणार नाही.